तेराव्या दिवसाची शिफ्ट

माझ्या पाळीची तारीख रोह्याच्या एका केमिकल कंपनीतल्या अख्ख्या प्लँटला माहीत होती. मला हे लग्नानंतर दीड वर्षाने कळलं, तेही नवऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोकडून, बाजारात भाजी घेताना. "तुमच्या ह्यांनी परत शिफ्ट बदलून घेतली वाटतं," ती म्हणाली आणि मेथीची जुडी उलटीपालटी करत हसली. आधी मला काही कळलंच नाही. मग तिने डोळा बारीक केला आणि मला सगळं एकदम कळलं. मी मेथी न घेताच घरी आले.

त्याचं असं होतं. मूल होत नाही म्हणून आम्हाला ज्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यांनी पाळीच्या अकराव्या ते अठराव्या दिवसांत 'प्रयत्न करा' असं सांगितलं होतं. हे सांगितलं तेव्हा माझी सासू आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसलेली होती, त्यामुळे तो आदेश तिने स्वतःकडेच घेतला. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कॅलेंडर होतं. त्यावर संकष्टीच्या शेजारी माझे दिवस पेन्सिलीने गोल केले जात. नवऱ्याच्या शिफ्ट आठवड्याला बदलायच्या. त्या गोलात थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, आली की सासू म्हणायची, "बदलून घे रे." तो बदलून घ्यायचा. कुणी विचारलं तर खोटं सांगायचं त्याला जमत नसे, "घरी जरा काम हाय" म्हणायचा. दर महिन्याला त्याच सुमारास माणसाला घरी काय काम निघतं हे समजायला इंजिनीअरची डिग्री लागत नाही. त्याचा सुपरवायझर म्हणे सगळ्यांसमोर म्हणायचा, "याला सोडा, याची डबल ड्युटी हाय."

आता यातली खरी गंमत सांगते. त्या दिवसांत आमच्यात काहीही होत नव्हतं. एरवीही होत नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मूल होण्यासाठी जे व्हावं लागतं ते एकदाही झालेलं नव्हतं. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही दोघंही गप्प होतो.

मी पेणची. वडील धरमतरच्या जेट्टीवर मालाचे बार्ज रिकामे होताना नोंदी ठेवायला होते, आई घरी. मी बी.एस्सी. करून बी.एड. केलं आणि रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तिथूनच हे स्थळ आलं. मुलगा शांत, निर्व्यसनी, पर्मनंट. खरोखरच शांत होता. इतका शांत की पुढे मला त्या शांतपणाचा वीट आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईने मला मागच्या खोलीत नेलं. मला वाटलं, आता काही सांगेल. ती साडीच्या घड्या घालत म्हणाली, "पहिल्यांदा त्रास होतो. सोसायचं. आरडाओरडा करायचा नाही, घरात माणसं असतात." बस्स. आमचं सगळं शिक्षण तेवढ्यात आटोपलं. त्याआधी तेराव्या वर्षापासून तिने मला एकच धडा दिला होता: गुडघे जुळवून बस. जेवताना, अभ्यास करताना, एस.टी.त, पाहुण्यांसमोर, एकटी असताना सुद्धा. शिवाय आमच्या नात्यातल्या एका मुलीला लग्नानंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ती गोष्ट बायका माझ्या कानावर पडेल एवढ्याच हळू आवाजात सांगायच्या. मी दहावीत होते. तेव्हा बसलेली भीती, खरं सांगायचं तर, नंतर कधी गेलीच नाही.

तर लग्न झालं, आणि नवरा जवळ आला की माझं शरीर मिटायला लागलं. मी मिटत नव्हते, हे नीट ऐका. मला तो आवडायचा. त्याने हात हातात घेतला की बरं वाटायचं, त्याच्या अंगाचा वास आवडायचा. पण पुढे जायची वेळ आली की मांड्या आपोआप आवळायच्या, कंबर उचलली जायची, आणि तिथे जणू वाटच नाही अशी भिंत उभी राहायची. त्या भिंतीवर आग व्हायची. मी दातावर दात ठेवून म्हणायचे, "होऊ दे." तो माझा चेहरा बघायचा आणि बाजूला व्हायचा. म्हणायचा, "राहू दे." पहिल्या महिन्यात ते 'राहू दे' ऐकून मला त्याचे पाय धरावेसे वाटायचे. सहाव्या महिन्यात त्याला बदडावंसं वाटायला लागलं. राहू दे म्हणजे काय? किती राहू दे? कुठवर?

आपोआप होईल असं आम्हाला वाटत होतं. दोन पदवीधर माणसं एका खोलीत बसून आपोआप होण्याची वाट बघत होती.

मग सासूचं पर्व सुरू झालं. तिला माझ्याबद्दल दुष्टावा होता असं मी म्हणणार नाही, पण मायाही नव्हती. तिला नातू हवा होता. ती कासूकडची, लग्न करून रोह्यात आलेली, नवरा अकाली गेल्यावर चार मुलं वाढवलेली बाई. तीन मुलींची लग्नं झाली होती, हा धाकटा. लग्नाच्या नवव्या महिन्यापासून ती दर पाळीला माझ्याकडे अशी बघायची, की जसं काही मी दूध उतू घालवलंय. "काय गो, परत?" एवढंच म्हणायची. नंतर ते सुद्धा बंद केलं, नुसता सुस्कारा टाकायची.

तिने गावच्या देवळात कौल लावला. गुरवाने देवाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, मूल होईल का. उजवीकडची पाकळी पडली. सासूने पेढे वाटले. देव तरी काय करणार, त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

डॉक्टरांचं तसं नव्हतं. त्यांनी विचारायला हवं होतं. रोह्यातल्या त्या दवाखान्यात बाहेर तासभर बसवलं आणि आत चार मिनिटं. आमच्या दोघांच्या मध्ये सासू. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "संबंध नियमित आहेत ना?" मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो." त्या एका 'हो'ने पुढची दोन वर्षं खाल्ली. मीही गप्प राहिले, मान्य आहे. पण सासू मध्ये बसलेली असताना मी काय सांगणार होते? आणि डॉक्टरांनी मान वर केली असती तर? आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवर सगळं लिहिलेलं होतं. पण ते कागदावर लिहीत होते.

गोळ्या सुरू झाल्या. अंडं तयार होण्याच्या गोळ्या. माझं अंडं दर महिन्याला बिचारं वेळेवर तयार होत होतंच. गोळ्यांनी मला डोकेदुखी दिली, चिडचिड दिली, छाती दुखायची. मग आतून सोनोग्राफी करायची ठरली. मला टेबलावर झोपवलं, पाय वर करायला सांगितले. ती नळी नुसती जवळ आली आणि माझं अंग उडालं. माझा पाय सिस्टरच्या हाताला लागला. "अहो, लग्न झालंय ना तुमचं?" ती ओरडली. "मग एवढे नखरे कशाला? लहान मुलगी आहात का?" शेवटी वैतागून त्यांनी पोटावरूनच सोनोग्राफी केली. आजाराचा एकुलता एक पुरावा त्यांच्या टेबलावर थरथरत पडला होता. त्यांनी तो नखरा म्हणून जमा केला. बाहेर आल्यावर सिस्टर सासूला म्हणाली, "तुमची सून फार नाजूक आहे हो."

त्या वर्षात दुपारी काय चालायचं तेही सांगते. नवरा थर्ड किंवा सेकंडऐवजी फर्स्ट शिफ्ट घ्यायचा, तीन-साडेतीनला घरी यायचा. माझी शाळा सकाळची. सासू जेवणाची भांडी माझ्या हातातून घेऊन म्हणायची, "आज तेरावा दिस हाय. जा वर. मी आवरते." मग ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. शेजारीण आली तर दारातूनच सांगायची, "आत्ता नको, पोरं झोपल्यात." वर पंखा फिरत असायचा. नवरा खिडकीपाशी मोबाईल बघत बसायचा, मी वह्या तपासायचे. तासाभराने मी खाली यायचे आणि ती माझ्या केसांकडे बघायची. एकदा तर वर जाऊन चादर बघून आली. मला पायऱ्यांवर तिचे पाय ऐकू येत होते. चादर अर्थातच इस्त्री केल्यासारखी सरळ होती. तिला त्यावरूनही काही सुचलं नाही. म्हणाली, "बरी टापटीप हाय तुला."

आणि याच काळात मी दहावीला प्रजननाचा धडा शिकवत होते. फळ्यावर गर्भाशय, अंडाशय, अंडनलिका, बाणासकट. मुली माना खाली घालून आकृती काढायच्या. एकीने धाडस करून विचारलं, "बाई, यातलं काय काय परीक्षेला येतं?" मी म्हटलं, "आकृती आणि नावं." तेवढं बोलून मी वळले आणि फळा पुसायला लागले. मला स्वतःचाच संताप आला होता. त्या आकृतीत स्नायू नव्हते, भीती नव्हती, दुखणं नव्हतं. मी पगार घेऊन मुलींना ते न सांगण्याचं काम करत होते.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिली. पोटाला भोकं पाडून आत बघायचं, नळ्या उघड्या आहेत का, आणि काही अडथळा असला तर काढायचा. सासूने त्यातलं आपल्याला हवं तेवढं ऐकलं. नवऱ्याच्या काकांना फोन लावून म्हणाली, "दुरबिनीत कळंल. हिच्यात दोष निघाला तर मंग पुढचा इचार करायला लागंल. माजा एकच पोरगा हाय." मी दाराआड उभी नव्हते, समोर उभी होते. तिला ते लपवायचंही नव्हतं. पुढचा विचार म्हणजे काय हे मला कळत होतं. आमच्या शाळेच्या शिपायाच्या बहिणीला असाच पुढचा विचार करून माहेरी धाडलं होतं. म्हणजे माझं धडधाकट पोट कापायचं, त्यात काही सापडलं नाही तरी 'नाही होत हिला' म्हणायचं, आणि मला वांझ ठरवून पेणला पोचवायचं. आणि नवरा? तो म्हणाला असता, राहू दे.

ऑपरेशनच्या आधी चार दिवस माहेरी जाते म्हटलं. फाईल घेऊन गाडीत बसले. कासूला गाडी नेहमीसारखीच क्रॉसिंगला थांबली आणि मी ती फाईल उघडून पहिल्यापासून वाचली. दोन वर्षांचे रिपोर्ट. रक्त, साखर, थायरॉइड, नवऱ्याची तपासणी, माझी तपासणी. सगळं नॉर्मल. एवढ्या कागदांवर कुठेही 'हिला दुखतं' असं लिहिलेलं नव्हतं. मी ते कोणाला सांगितलंच नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

पेणला आमच्या घराजवळ एक वयस्क डॉक्टरीण बसायची. सुरुवातीला माझी पाळी अनियमित होती तेव्हा आई मला तिच्याकडे न्यायची. फटकळ बाई. आईला न सांगता गेले. तिने फाईल चाळली, बंद केली, बाजूला सरकवली. म्हणाली, "हे राहू दे. तू सांग. जवळ येता तेव्हा दुखतं का?"

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला भयंकर राग आला. म्हटलं, "हे विचारायला दोन वर्षं लागतात?" ती म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडतेस? मला आज भेटलीस." मग मी सगळं सांगितलं. भिंत, आग, नखरे, तेरावा दिवस. शिफ्टचं सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एक शिवी दिली. डॉक्टरच्या तोंडून शिवी ऐकून मला तीन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तिने त्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मग समजावलं. योनिमार्गाच्या तोंडाशी जे स्नायू असतात ते आपल्याला न विचारता आवळले जातात. "डोळ्याजवळ बोट नेलं की पापणी मिटते ना? तू मिटतेस का? तसंच." याला तू जबाबदार नाहीस आणि हा नखरा नाही, असं तिने दोनदा सांगितलं. कारणं अनेक असतात. कोणाच्या मनात भीती बसलेली असते, कोणाला लहानपणी वाईट अनुभव आलेला असतो, कोणाला जंतुसंसर्गाने किंवा आतल्या एखाद्या आजाराने आधी खरोखर दुखलेलं असतं आणि मग शरीर ते विसरत नाही, कोणात काहीच सापडत नाही. मी तिला गुडघ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा वर्षं तुला एक शिकवलं. मग एका दिवसात उलटं कर म्हणाले. शरीर तुझ्या आईचं ऐकतंय, तुझ्या सासूचं नाही."

मी म्हटलं, असं फक्त मलाच होतं का? ती इतकी हसली की बाहेरची बाई आत डोकावली. म्हणाली, या खुर्चीत रोज कोणी ना कोणी बसतं आणि कंबर दुखते म्हणून सुरुवात करतं. बाळंतपणात टाके पडले, त्यानंतर दुखतं. पाळी जायला आली, कोरडेपणा आला, त्याला साधं मलम असतं पण सांगायची लाज. मधुमेह असतो. उदासीच्या गोळ्या चालू असतात, त्यांनी इच्छा मरते, तेही कोणी सांगत नाही. आणि इच्छाच होत नाही म्हणणाऱ्या कितीतरी बायका नुसत्या दमलेल्या असतात. "काहींना नवरा आवडत नाही. त्यावर माझ्याकडे गोळी नाही." मग तिने मला विचारलं, "तुला आवडतो?" मी म्हटलं, "आवडायचा."

तिने तपासलं. आधी सांगून, थांबून, थांब म्हटलं की हात मागे घेऊन. आत काहीही बिघडलेलं नव्हतं. उपचार सांगितला तो इतका साधा होता की माझा पुन्हा संताप झाला. श्वास सोडायला शिकायचं. ते स्नायू आवळायचे आणि सैल सोडायचे, म्हणजे ते आपले आहेत हे कळतं. मग स्वतःच्या बोटाने, मग हळूहळू मोठ्या होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्यांनी, आपल्या हाताने, आपल्या वेगाने. तोपर्यंत नवऱ्याने 'प्रयत्न' बंद. कित्येक आठवडे लागतील. "नवऱ्याला घेऊन ये," ती म्हणाली. "आणि त्याच्या आईला आणू नकोस. तिला मी खुर्ची देणार नाही."

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आजार हाय?" मी म्हटलं, "हो." "बरा होतो?" "हो." त्याने केवढा तरी श्वास सोडला. त्या क्षणी मला तो पुन्हा आवडला असता, पण लगेच म्हणाला, "घरात नको सांगू. लोकं म्हणतील, तीन वर्षं हा काय करत होता." बघा, माझं पोट कापायला चार दिवस होते आणि त्याला सुपरवायझरची काळजी होती. मी म्हटलं, ऑपरेशन तुम्ही रद्द करायचं, कारण काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तो हो म्हणाला. त्याचं 'हो' मला ठाऊक होतं.

त्याने सांगितलं नाही. उलट मी वरसेला परत आले तेव्हा घरात बैठक बसलेली. काका आलेले, माझ्या वडिलांनाही सासूने फोन करून बोलावून घेतलेलं. ऑपरेशनआधी 'सगळं मोकळं बोलून घेऊ' म्हणून. वडील सोफ्याच्या टोकाला बसले होते, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. आयुष्यभर जेट्टीवर लोकांशी आवाज चढवून बोललेला माणूस, पण लेकीच्या सासरी मांडीवर हात ठेवून बसला होता. काकांनी सुरुवात केली की कोणाचाच दोष नाही, नशीब असतं, पण वंशाचा प्रश्न आहे, तर ऑपरेशनमध्ये जे निघेल ते दोन्ही घरांनी समजुतीने घ्यावं. म्हणजे मला परत न्यावं. वडील म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." तेव्हा मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यात दोष नाही, एवढंही चाललं असतं. तो पोह्यांच्या बशीतले शेंगदाणे चमच्याने बाजूला काढत होता. मी वाट पाहिली. अजून एक शेंगदाणा त्याने बाजूला काढला.

मग मीच बोलले. म्हटलं, "ऑपरेशन होणार नाही. आमच्यात तीन वर्षांत एकदाही संबंध आलेला नाही. मला दुखतं. तो आजार आहे, त्याचं औषध आहे, मी पेणला सुरू केलंय. नळ्या तपासून काय मिळणार होतं?"

असं वाटलं, आता कोणीतरी अंगावर येईल. कोणीच आलं नाही. काकांना खोकला लागला आणि थांबेना. वडील उठले, गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दोन वर्षं माझी पाळी चवीने मोजणारी ही माणसं माझं एक वाक्य ऐकू शकली नाहीत. सासू तेवढी उठली, म्हणाली, "चहा ठेवते," आणि मला खूण केली की आत ये.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवटी काही गोड मिळेल या आशेने कोणी थांबायला नको. ऑपरेशन झालं नाही. मी उपचार घेतला. वेळ लागला, मध्ये दोनदा सोडून दिला, पुन्हा धरला. नवरा पेणला आला, पहिल्या वेळी बाहेरच बसून राहिला, दुसऱ्या वेळी डॉक्टरणीने त्याला नावाने हाक मारून आत घेतलं. दुखणं गेलं. त्या बैठकीत तो गप्प बसला ते मात्र माझ्यातून गेलं नाही, आणि ते जावं असा मी प्रयत्नही करत नाही. मूल झालं की नाही, हे मी लिहिणार नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना तेच हवं आहे त्यांनी माझ्या सासूशेजारी बसावं. झालं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, शेवट चांगला झाला. नाही म्हटलं तर म्हणाल, मग काय उपयोग. मला दुखायचं थांबलं, हा उपयोग. दहावीचा तो धडा आता मी शिकवते तेव्हा आकृतीनंतर दार लावते आणि मुलींना परीक्षेला न येणारं सगळं सांगते. दोनदा पालकांची तक्रार आली आहे. तिसऱ्यांदाही येईल.

पण त्या दिवशीचं स्वयंपाकघर राहिलं. सासूने गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, साखर टाकली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने आवाज न चढवता विचारलं, "दुकतं म्हंजे काय गो? सगल्यांनाच दुकतं."

मी म्हटलं, "नाही आई. दुखायला नको असतं."

"कोन म्हनतं?" ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, खराखुरा, जणू मी तिची काहीतरी वस्तू चोरली होती. "मला चार पोरं झाली. एकदा सुदा न दुकता झालं नाय. पयल्या दिसापासनं ते गेले तवापर्यंत. तोंडात पदर घालायची. मी कुठं बैठक बसवली? मी कुठं सांगितलं चार मानसांत?"

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही, तेव्हा नाही. मला एवढंच दिसलं की माझं शरीर मिटलं म्हणून देव, डॉक्टर, काका, कंपनी सगळे गोळा झाले, आणि तिचं दुखत राहिलं पण पोरं होत गेली म्हणून तिला कोणी आजारी म्हटलं नाही. तिने स्वतःही म्हटलं नाही. आणि त्याच दुखण्याकडे ती मला, कॅलेंडरवर गोल करून करून, दोन वर्षं वर पाठवत होती. मी विचारलं, "मामांजींना माहीत होतं? तुम्हाला दुखतं ते?"

तिने चहाची पावडर टाकली. चहा वर यायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"म्हाईत व्हतं की," ती म्हणाली. "ते म्हनायचे, झालं, झालं."

चहा उतू जायच्या आत मी गॅस बंद केला. बाहेरून काकांनी हाक मारली, चहाचं काय झालं म्हणून. तिचा हात सवयीने कपांकडे गेला. मी तो धरला आणि म्हटलं, "थांबू दे त्यांना."